तिघांच्या जपानी माहजाँगमध्ये त्सुमोचे गुण: चौथ्याचा वाटा कोणी भरायचा?

निशिकासाईकर

नमस्कार. टोकियोतल्या निशिकासाई भागात आम्ही तिघे दर शनिवारी रात्री सानमा, म्हणजे तिघांचे रीची माहजाँग, खेळतो. एक मी, एक आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे नाशिकचे गृहस्थ आणि एक माझे ओसाकाचे सहकारी. पैसे लावत नाही. जो तिसरा येईल त्याने पुढच्या शनिवारचे चहा-खाणे करायचे, एवढेच. गेल्या शनिवारी मात्र शेवटच्या डावावरून असा पेच पडला की सोंगट्या पटावर तशाच ठेवून आम्ही तासभर बोलत बसलो आणि तरीही उत्तर निघाले नाही.

दक्षिण फेरीचा तिसरा, म्हणजे शेवटचा डाव होता. नाशिककर ४३,५०० गुणांवर पहिले, मी ३४,२०० वर दुसरी आणि ओसाकाचे सहकारी २७,३०० वर तिसरे. त्या डावात ओया, म्हणजे पूर्वेला बसलेले, तेच होते. माझ्या हातात गोलांचे २-३-४ आणि लाल पाचासह ५-६-७, बांबूंचे ३-४-५ आणि ७-८, मानच्या, म्हणजे अक्षरांच्या रंगातल्या, नवांची जोडी, आणि बाजूला काढून ठेवलेली एक उत्तर. मी रीची लावली, म्हणजे एकच सोंगटी हवी असल्याचे जाहीर केले, आणि पाचव्या उचलीला बांबूचा सहा मलाच भिंतीतून, म्हणजे रचून ठेवलेल्या सोंगट्यांतून, मिळाला. रीची, त्सुमो (जिंकणारी सोंगटी स्वतः उचलणे), पिनफू (साध्या क्रमांचा हात), लाल पाच आणि उत्तर असे पाच हान (गुण वाढवणारे टप्पे), म्हणजे मांगान, ठरावीक मोठ्या गुणांचा हात. खालचा डोरा (जादा हान देणारी सोंगटी) उलटून पाहिला, त्याने काही दिले नाही.

नाशिककर म्हणाले, ‘मी २,००० देतो, ओया ४,००० देतील, एकूण ६,०००.’ ओसाकाचे सहकारी म्हणाले, ‘मांगान आठ हजारांचेच असते. चौथा माणूस बसलेला नाही म्हणून त्याचे २,००० नाहीसे होत नाहीत. ते आपण दोघांनी हजार-हजार वाटून घ्यायचे, म्हणजे तुम्ही ३,००० आणि मी ५,०००.’ पहिल्या हिशेबाने माझे ४०,२०० आणि नाशिककरांचे ४१,५०० होतात, मी दुसरी. दुसऱ्या हिशेबाने माझे ४२,२०० आणि त्यांचे ४०,५००, मी पहिली. स्वतःचे हजार गुण जास्त जात असतानाही ओसाकाचे सहकारी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, ही गोष्ट मला विशेष वाटली.

जाणकारांनी कृपया सांगावे, बरोबर कोण?

हिशेबनीस

दोघेही बरोबर आहेत, कारण हे दोन वेगळे नियम आहेत आणि दोन्ही जपानमध्ये रुळलेले आहेत. नाशिककर सांगतात त्याला त्सुमो-झोन म्हणतात. ‘झोन’ म्हणजे तूट, नुकसान. सहकारी सांगतात त्या पद्धतीत गैरहजर उत्तरेचा वाटा उरलेल्या दोघांवर अर्धा-अर्धा चढवतात.

मुळापासून पाहू. चौघांच्या खेळात हाताचे मूळ गुण काढतात: फू (हाताच्या रचनेचे लहान गुण) घ्यायचे आणि हान अधिक दोन इतक्या वेळा दुप्पट करायचे. ३० फू ३ हान असेल तर तीसची पाच वेळा दुप्पट, म्हणजे ९६०. ओया नसलेल्याने दुसऱ्याच्या टाकलेल्या सोंगटीवर, म्हणजे रॉनने, जिंकले तर टाकणारा त्याची चौपट देतो. ३,८४० होतात, वरच्या शंभराला नेऊन ३,९००. स्वतः उचलून जिंकले तर ओया दुप्पट आणि बाकीचे दोघे एकेक पट देतात, म्हणजे २,००० आणि १,०००-१,०००. थोडक्यात, चार वाटे तिघांत विभागलेले असतात. तिघांच्या खेळात देणारे दोनच उरतात, त्यामुळे चारांपैकी एक वाटा रिकामा पडतो. हा रिकामा वाटा सोडून द्यायचा की भरून घ्यायचा, एवढाच तुमचा वाद आहे.

त्सुमो-झोनमध्ये हाच हात ३,००० चा होतो. अर्धा-अर्धा पद्धतीत ओया २,५०० आणि दुसरा १,५०० देतो, म्हणजे पुन्हा ४,०००.

वाळूचे_घड्याळ

हिशेबनीस यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. तूट सर्वांना सारखी बसत नाही, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ओया नसलेल्याचा मांगान ८,००० वरून ६,००० वर येतो, म्हणजे चौथा हिस्सा जातो. ओयाचा मांगान मात्र रॉनने १२,००० आणि त्सुमोने ४,०००-४,००० म्हणजे ८,००० होतो. त्याचा तिसरा हिस्सा जातो. शिवाय इतर कोणी त्सुमो केला की ६,००० पैकी ४,००० ओयाच भरतो. चौघांत तो निम्मा भार उचलतो, इथे दोन-तृतीयांश. ओयाची जागा चौघांच्या खेळात जितकी हवीहवीशी असते तितकी त्सुमो-झोनमध्ये राहत नाही.

नव्याने_शिकणारी

माफ करा, पण ‘बाजूला काढून ठेवलेली उत्तर’ म्हणजे काय? मी फक्त चौघांचा खेळ पाहिला आहे.

हिशेबनीस

सानमात मानच्या २ ते ८ या सोंगट्या काढून टाकतात. सात प्रकार, प्रत्येकी चार, म्हणजे १३६ मधून २८ गेल्या आणि १०८ उरल्या: गोल ३६, बांबू ३६, वारे आणि ड्रॅगन २८, आणि मानचे एक व नऊ मिळून ८. उत्तरेला कोणी बसतच नसल्याने उत्तर वाऱ्याच्या चार सोंगट्यांना वेगळे काम दिले आहे. उत्तर हाती आली की आपल्या पाळीला ती ‘कीता’ म्हणून उजव्या बाजूला उघडी ठेवायची आणि राखीव भिंतीतून बदली सोंगटी घ्यायची. जिंकल्यावर अशा प्रत्येक उत्तरेचा एक हान वाढतो. डोरा दाखवणारी सोंगटी पश्चिम असेल तर उत्तर स्वतःच डोरा ठरते आणि बाजूला काढलेली प्रत्येक उत्तर दोन हानांची होते. मानचा एक दर्शक निघाला तर डोरा नऊ, आणि नऊ निघाला तर एक, कारण मधले आकडे नाहीतच.

एक गोष्ट नव्या खेळाडूने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. कीता हा याकू, म्हणजे जिंकायला लागणारी मान्य रचना किंवा अट, नव्हे. चारही उत्तरा तुमच्याकडे असल्या आणि हातात एकही याकू नसला तर तुम्हाला जिंकता येत नाही.

गोल_बांबू

आता मूळ वादाकडे येतो. माझे स्पष्ट मत नाशिककरांच्या बाजूचे आहे. सानमात हात मोठे होतात, हे कोणीही दहा डाव खेळून पाहावे. सोंगट्या कमी, त्यामुळे एकाच रंगाचा हात सहज जुळतो. उत्तरेचे हान वर चढतात. लाल पाच आहेतच. चौघांत मांगान लागला की पटावर क्षणभर शांतता होते, इथे मांगान ही रोजची भाजी-भाकरी आहे. अशा खेळात प्रत्येक त्सुमोला पूर्ण मोबदला दिला तर ज्याने काहीही चूक केलेली नाही, सुरक्षित सोंगट्याच टाकल्या, त्याचे गुण निव्वळ दुसऱ्याच्या नशिबाने भराभर उतरतात. तूट ठेवल्याने भिंतीच्या नशिबाला थोडा लगाम बसतो आणि जो चुकीची सोंगटी टाकतो त्याने पूर्ण किंमत मोजायची, हे तत्त्व ठळक राहते. शिवाय चौघांसाठी पाठ केलेला गुणतक्ता जसाच्या तसा वापरता येतो, नव्याने काही शिकावे लागत नाही. तेनहौ आणि माहजाँग सोल या ऑनलाइन खेळाच्या दोन्ही ठिकाणी हाच नियम आहे.

कोकणचा_वारा

गोल_बांबू, आपल्या मताचा आदर आहे, पण मला हे पटत नाही. रीची लावणारा एक हजार गुणांची काडी पटावर ठेवतो, आपला हात गोठवतो, पुढे येईल ती धोकादायक सोंगटी टाकण्याची जोखीम घेतो. एवढे करून जेव्हा त्याच्याच हातात जिंकणारी सोंगटी येते, तेव्हा त्याला रॉनपेक्षा कमी मिळावे यात न्याय कुठे आहे? चौघांच्या खेळात त्सुमो हा स्वतंत्र याकू आहे, बंद हाताला त्याचा एक हान जास्त मिळतो. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी स्वतः उचलण्याला बक्षीस ठेवले होते. तुटीच्या नियमात ते बक्षीस एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

निशिकासाईकर यांचाच हात घ्या. रॉन झाला असता तर त्सुमोचा हान वजा, म्हणजे रीची, पिनफू, लाल पाच आणि उत्तर, चार हान ३० फू, ७,७००. एक हान कमी असूनही ७,७००, आणि एक हान जास्त असलेल्या त्सुमोला ६,०००!

वाळूचे_घड्याळ

कोकणचा_वारा यांचे आकडे बरोबर आहेत, परंतु नुसती बेरीज पाहून चालत नाही, दोघांतले अंतरही पाहावे लागते. ओयाकडून ७,७०० मिळाले असते तर ताईंचे ४१,९०० झाले असते आणि नाशिककर ४३,५०० वर तसेच राहिले असते. म्हणजे दुसराच क्रमांक. नाशिककरांकडून मिळाले असते तर दुहेरी फरक पडून पहिला क्रमांक निश्चित होता. तुटीच्या त्सुमोत नाशिककरांशी अंतर ८,००० ने कमी होते, आणि हवे होते ९,३०० पेक्षा जास्त. अर्धा-अर्धा पद्धतीत ते ११,००० ने कमी होते. हानेमान (मांगानच्या वरचा टप्पा) झाला असता, म्हणजे खालच्या डोऱ्याने एक हान दिला असता, तर तुटीच्या नियमानेही ३,००० आणि ६,००० मिळून अंतर १२,००० ने कमी झाले असते आणि सगळा वादच मिटला असता.

म्हणून शेवटच्या डावाला बसण्यापूर्वी नियम माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. तुटीच्या नियमात तो हात त्सुमोने पुरा पडणारा नव्हताच; फक्त नाशिककरांकडून रॉन, किंवा आणखी एक हान, हेच दोन मार्ग होते.

सिंगापूरवासी

थोडे विषयाशेजारचे. इकडे सिंगापूर-मलेशियात तिघांचे माहजाँग अगदी वेगळे आहे. इथे रंगांपैकी फक्त गोल ठेवतात. बांबू आणि मान दोन्ही काढून टाकतात, आणि फुले व कोणत्याही सोंगटीच्या जागी चालणारी जोकर सोंगटी घेतात. कोरियात बांबूंचा रंग काढण्याची रीत आहे. तिघांसाठी संच लहान करायचा हे प्रत्येकाला सुचले, पण काय काढायचे ते प्रत्येकाने वेगळे ठरवले. त्यामुळे ‘तिघांच्या माहजाँगचा खरा नियम कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आजोळची_ओसरी

सिंगापूरवासी यांचे वाचून आपल्या तीन-दोन-पाचची आठवण झाली. पत्त्यांत तिघेच असले की आपणही लहान पाने काढून टाकतो, फक्त अठ्ठी आणि वरची पाने व इस्पिक-बदामची सत्ती ठेवून तीस पाने करतो, म्हणजे प्रत्येकाला दहा. आमच्या आजोळी ओसरीवर दुपारभर हा खेळ चाले. तिथे ज्याचे हात कमी झाले त्याच्या पानांतून पुढच्या डावात जास्त हातवाल्याने पाने ओढायची असत. म्हणजे एका डावाचे देणे दुसऱ्या डावात फेडले जाई, बुडत नसे. कदाचित म्हणूनच मला ओसाकाच्या गृहस्थांचे म्हणणे जवळचे वाटते.

हिशेबनीस

ओसाकाच्या गृहस्थांच्या आग्रहामागे त्यांचे गावही आहे. कान्साई भागात, म्हणजे ओसाका-कोबेकडे, सानमा फार खेळतात आणि तिथली रीत टोकियोतल्या माणसाला परकी वाटावी इतकी वेगळी असते. सर्वसाधारणपणे तिथे गोल आणि बांबूंचे सगळे पाच लाल असतात, बाजूला काढायला उत्तरेऐवजी फुले असतात, उत्तर ही तिघांनाही चालणारी याकूची सोंगटी मानतात, फू मोजत बसत नाहीत आणि त्सुमोत तूट नसते. जो लहानपणापासून तसा खेळला त्याला सहा हजारांचा मांगान हा हिशेबातला घोटाळा वाटणे साहजिक आहे.

कोकणचा_वारा

हे माहीत नव्हते. आभार.

तेरा_अनाथ

माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी मित्रांच्या घरी माझा कोकुशी मुसो, म्हणजे तेरा अनाथांचा हात, लागला. सानमात हा हात मोहात पाडतो, कारण मानचे फक्त एक आणि नऊच असतात आणि वारे-ड्रॅगन हाती येण्याचे प्रमाण जास्त असते. अडचण उत्तरेची. सगळेच उत्तर दिसताक्षणी बाजूला काढतात, आणि तुम्हाला तर एक हातात ठेवायची असते. मी ती पहिल्या पाळीपासून दाबून ठेवली होती. समोरच्याने दोन उत्तरा उघड्या केल्या तेव्हा मी तोंडावर काही दिसू नये म्हणून काड्या मोजत बसलो होतो. शेवटची सोंगटी, पांढरा ड्रॅगन, भिंतीतून माझ्याच हाताने आली. याकूमान, म्हणजे सर्वांत मोठ्या गुणांचा हात! आणि मिळाले काय, तर ८,००० आणि १६,०००, एकूण २४,०००. त्या घरी त्सुमो-झोन होते. जन्मात एकदा लागणाऱ्या हाताचे आठ हजार बसलेल्यापैकी कोणीही दिले नाहीत. नियम आधी सांगितलेला होता, त्यामुळे तक्रार नाही, पण ते आठ हजार मला अजून आठवतात.

गोल_बांबू

तेरा_अनाथ, हात लागला याबद्दल मनापासून अभिनंदन. जाता जाता हेही सांगतो की कोकुशीची वाट पाहणारा इतरांनी बाजूला काढलेल्या उत्तरेवर रॉन म्हणू शकतो, असा नियम सर्रास पाळतात. तेव्हा समोरच्याची उत्तर हीदेखील तुमची संधी असते, आणि रॉनला तूट नसते.

वाळूचे_घड्याळ

त्सुमोइतक्याच आणखी दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात, नाहीतर पुढच्या शनिवारी हाच वाद दुसऱ्या नावाने उभा राहील.

पहिली, होन्बाच्या, म्हणजे ओया कायम राहिल्यावर किंवा डाव कोणी न जिंकता संपल्यावर मोजायच्या, काड्या. चौघांत प्रत्येक काडीमागे रॉनला ३०० आणि त्सुमोला प्रत्येकी १०० असतात. तिघांत त्सुमोला प्रत्येकी १०० घेतले तर २०० च मिळतात. काही जण रॉनलाही २०० करतात, काही ३०० ठेवतात, काही त्सुमोला प्रत्येकी १५० घेतात.

दुसरी, डाव कोणी न जिंकता संपल्यावर तेनपाईत, म्हणजे जिंकायला एकच सोंगटी कमी अशा स्थितीत, नसलेल्यांनी द्यायचे गुण. चौघांत एकूण ३,००० फिरतात. तिघांत २,००० ठेवण्याची पद्धत आहे: एकच तेनपाईत असेल तर दोघे हजार-हजार देतात, दोघे असतील तर तिसरा प्रत्येकाला हजार देतो. ३,००० ठेवले तर हेच आकडे दीड-दीड हजार होतात.

माझे मत असे की यांत एकसूत्र असावे. तूट मानायची तर होन्बा २०० आणि तेनपाई २,०००. तूट मानायची नाही तर ३०० आणि ३,०००. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे घेतले की हिशेब विसंगत होतो.

नव्याने_शिकणारी

दोन हजारांच्या फरकाने एवढा वाद का होतो, हे मला अजून नीट कळलेले नाही. शेवटी तो खेळच आहे ना?

हिशेबनीस

कारण शेवटच्या हिशेबात ते दोन हजार राहत नाहीत. सानमात बहुधा प्रत्येकाला ३५,००० देऊन बसवतात आणि मोजताना ४०,००० वजा करतात. प्रत्येकाचे उरलेले ५,००० असे तिघांचे मिळून १५,००० पहिल्याला जातात. हजाराचा एक गुण धरून या धाग्यातलाच हिशेब करू.

तुटीच्या नियमाने: नाशिककर ४१,५००, म्हणजे १.५ अधिक १५, असे १६.५. निशिकासाईकर ४०,२००, म्हणजे ०.२. ओसाकाचे सहकारी २३,३००, म्हणजे उणे १६.७. बेरीज शून्य येते, म्हणजे हिशेब बरोबर.

अर्धा-अर्धा नियमाने: निशिकासाईकर ४२,२००, म्हणजे १७.२. नाशिककर ४०,५००, म्हणजे ०.५. सहकारी २२,३००, म्हणजे उणे १७.७.

पटावर दोन हजारांचा फरक, आणि निशिकासाईकर यांच्या खात्यात ०.२ की १७.२, असा सतरा गुणांचा. क्रमांकाप्रमाणे आणखी १५, ०, उणे १५ द्यायची रीत असेल तर तोच फरक ३२ गुणांचा होतो.

निशिकासाईकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी दोघांना वाचून दाखवला. ओसाकाच्या सहकाऱ्यांना जपानीत सांगावा लागला. कान्साईच्या परिच्छेदावर ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी त्यांना तसेच शिकवले होते आणि टोकियोत येईपर्यंत त्यांनी ‘त्सुमो-झोन’ हा शब्दही ऐकला नव्हता. नाशिककर मोबाईलवर शिकले, त्यामुळे त्यांना दुसरा नियम असू शकतो हेच ठाऊक नव्हते.

त्या शनिवारचा निकाल आम्ही असा लावला की आधी काहीच ठरलेले नसल्याने तो शेवटचा डाव मोजायचा नाही, त्याआधीचे गुण धरायचे. म्हणजे मी दुसरी, आणि चहा-खाणे कोणत्याही हिशेबाने ओसाकाच्या सहकाऱ्यांकडेच. ते ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले गोळे) करणार आहेत. पुढे मात्र आमच्याकडे तूट नाही; वाळूचे_घड्याळ यांच्या सांगण्याप्रमाणे होन्बा ३०० आणि तेनपाईचे ३,००० ठरवून ते कागदावर लिहून सोंगट्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.

लिहिता लिहिता एक शंका आली. ओया नसलेल्याचा १ हान ३० फूचा त्सुमो ३०० आणि ५०० चा असतो. गैरहजर माणसाचे ३०० अर्धे केले की १५० येतात. ४५० आणि ६५० ची काडी कुठून आणायची?

हिशेबनीस

वरच्या शंभराला न्या. ५०० आणि ७००, एकूण १,२००. झाकणावरच्या कागदात एवढी एक ओळ वाढवा.

गोल_बांबू

ताकोयाकीला मीही येऊ शकतो का? मी कासाईला, एकच स्टेशन पलीकडे राहतो. चौथा आलो तर उत्तरेचा वाटा मीच भरीन.

निशिकासाईकर

अवश्य या. शनिवारी सात वाजता. मानच्या २ ते ८ कपाटातून काढून ठेवते.